मारोतरावांची कन्हार

कुदळ मातीवर पडली आणि टणकन वाजली. मारोतरावांनी ती उलटून पाहिली. कुदळीचं तोंड वाकलं होतं. मातीला ओरखडाही नव्हता.

"भैया, बोरिंग करवा रहे हो क्या?" शेजारच्या राधिकानं भिंतीवरून विचारलं.

"मोगरा लावून राहिलो."

"बारूद से लगेगा."

बीरगावातल्या त्या घरामागची माती काळी, चिकट कन्हार. पावसात पायातली चप्पल ठेवून घ्यायची. उन्हाळ्यात अशी फाटायची की एकदा भेगेत चमचा पडला, तो परत आला नाही. बायकोनं, इंदूबाईंनी, लावलेला मोगरा तिच्यात उभ्याउभ्या बुडून मेला. पाठोपाठ इंदूबाई नातू सांभाळायला मुलाकडे, शिशिरकडे, पुण्याला गेल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. नातू यशदीप आता उलट उत्तरं देऊ लागला होता, तरी ते सहा महिने संपले नव्हते.

"तिथं येऊन काय करू?" त्या फोनवर म्हणत. "एक फुलझाड जगत नाही तुमच्याच्यानं."

बाईनं अट घातली म्हणजे यायचा विचार आहे, असं मारोतराव धरून चालले.

चिकट माती मोकळी करायला रेती घालावी, हे त्यांना आपसूकच सुचलं. पण त्यांचा जन्म जवळच्या उरला गावातल्या फाउंड्रीत ओतकामाचे साचे भरण्यात गेलेला. रेती, माती, बेताचं पाणी, आणि वरून ठोकून बसवायला धुम्मस. हात आपोआप चालले. वाफा असा घट्ट, गुळगुळीत बसला की त्यावरून गेलेल्या मांजराची नखंसुद्धा उमटली. वरून वितळलेलं बीड ओतलं असतं तर मांजराचे पाय निघाले असते. मोगरा तेवढा निघणार नव्हता.

"कन्हार है भैया," राधिका म्हणाली. तिचं माहेर अभनपूरचं, शेतीवाडीचं. "दबाओगे तो अकड़ेगी. खिलाओ इसको. भूसा दो, गोबर दो. फिर पैर मत रखना."

"मंग करू काय?"

"कुछ नहीं. छोड़ दो."

"छोड़ दूं?"

"हव."

हेच अवघड होतं. वाकडी कुदळ सरळ करून त्यांनी वाफा हळूहळू फोडला. राइस मिलमधून धानाचा भुसा आणला, शेणखत घातलं, पालापाचोळा पसरला, पाणी निघून जायला बाजूनं चर काढला. मग रोज ते वाफ्याशेजारी हात मागे बांधून उभे राहत. धुम्मस त्यांनी राधिकाकडे ठेवायला दिलं आणि मागितलं तरी देऊ नको म्हणून बजावलं. दोनदा मागितलं. तिनं दिलं नाही.

फोनवरही त्यांनी हाच नेम धरला. आधी रोज विचारत, "कधी येऊन राहिली?" ते विचारणं बंद केलं. दाबायचं नाही म्हणजे नाही.

पावसाळा सरताना त्यांनी एवढंच कळवलं, "गांडूळ आलं."

"कुठून?"

"मालूम नाही. सोताहून आलं."

"टोमणे काहून मारता?"

"टोमणा नाही व. खरंच आलं. लई हायेत."

दिवाळीनंतर एकदा त्यांनी फोन भिंतीवर टेकवून ठेवला आणि व्हिडिओवर इंदूबाईंना माती दाखवली. मूठभर घेतली, दाबली, मूठ उघडली. ढेकूळ अलगद विखुरलं.

इंदूबाईंनी चष्मा लावला. "आपलीच हाय काय ही?"

"आपलीच."

"वास कसा येते?"

मारोतरावांनी नाकाशी धरली. "बरा येते."

"मंग लावा ना मोगरा."

"तुह्या हातानं लागावा म्हटलं."

पुण्याकडून कुकरची शिट्टी आली.

"यशदीपचं शाळेत नाव घातलं जी," इंदूबाई म्हणाल्या. "पोट्टा मले सोडत नाही. तुमीच लावून टाका."

"बरं."

"राग आला?"

"नाही."

"अजून एक डाव दाखवा ना ते माती."

त्यांनी पुन्हा मूठ भरून फोनसमोर धरली. तेवढ्यात तिकडून, संडासातून, खणखणीत आवाज आला, "आजी, झाली!"

"आली रे बाप्पा," म्हणत इंदूबाई फोन टेबलावर ठेवून गेल्या.

पडद्यावर पुण्याच्या घराचं छत दिसू लागलं आणि मंद फिरणारा पंखा. मारोतराव पंख्यापुढे माती धरून उभे राहिले. हाताला रग लागली, तसा त्यांनी खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला.