पुन्हा तेच दीपगृह

आर्लिसने कॉफीचा डबा उचलला आणि चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर पालथा घातला. राजम्याचे दाणे खडखडत चहूकडे पसरले. दोन-चार तर लव्हॉनच्या कपातच जाऊन पडले.

"अगं बाई, मोजायचे होते ना अजून!" लव्हॉन म्हणाली. मतमोजणी दरवर्षी तिच्याकडे असायची.

"मोजायचंय काय त्यात, कपाळ? दिसतंय की."

दिसतच होतं. नाताळच्या आधीच्या शनिवारी तळघरात एक सिनेमा दाखवायचा, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपली की तो निवडायचा, ही गावाची जुनी रीत. तीन सिनेमे, तीन डबे, माणशी एक दाणा. यंदाही 'दीपगृहातला नाताळ'चा, म्हणजे आता टेबलावर पालथा पडलेला, डबा गळ्यापर्यंत भरला होता. 'पळपुटं बदक'च्या तळाशी जेमतेम दोन-तीन दाणे होते. तिसऱ्या सिनेमाचं तर नाव काढण्यातही अर्थ नव्हता.

आर्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय होतं मेलं त्या सिनेमात? दीपगृहात एकटी राहिलेली मुलगी, वादळात हरवलेला बाप आणि दोन तास नुसतं धुकं. शेवटी बाप येतो, पण तोवर घडीच्या खुर्चीत बसून बसून माणसाच्या कमरेचे बारा वाजलेले असतात. आणि हा सिनेमा म्हणे गावाचा सर्वांत लाडका! दरवर्षी!

तळघर तापवणाऱ्या भट्टीजवळच्या बाकावर तिचा नवरा नॉर्व्हल टोपी मांडीवर ठेवून बसला होता. नवं वर्ष लागलं की त्याला शेजारच्या मोठ्या गावातल्या शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं होतं, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सबंध नोकरी त्याने तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्यात घालवली. आता तेच रस्ते त्याला आठवत नव्हते. माणसांची नावं गेली होती, कधी कधी माणसंही जात होती. पण 'पळपुटं बदक' त्याला अजून तोंडपाठ होतं. गोठलेल्या तळ्यावर बदकामागे धावणारा तो दूधवाला घसरून पडायच्या आधीच नॉर्व्हल हसायला लागायचा, आणि त्याच्यासकट सबंध बाक हलायचा. या माणसांच्यात बसून त्याने एकदा तसं हसावं, एवढंच आर्लिसला हवं होतं. शेवटचं एकदा. फार होतं का ते?

पण तिने कुणाला तसं सांगितलं नव्हतं. या गावात कुणी काही मागत नाही. मागणं म्हणजे जवळजवळ हिसकावणंच. ताटलीतली लिंबाची शेवटची वडीसुद्धा कुणी उचलत नाही. जो येतो तो तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि सरतेशेवटी उरलेला चुरा केराच्या टोपलीत जातो.

"हात वर करून मतं घ्या," आर्लिस म्हणाली. "डबेबिबे काही नकोत. मला तोंडं बघायचीयत एकेकाची."

प्रोजेक्टर सांभाळणारा गॉर्डी फळ्याजवळ उभा होता. एके काळी नॉर्व्हलच्या हाताखाली बर्फ काढायची गाडी चालवायला तो शिकला होता. त्याने कान खाजवला.

"काकू, आपल्याकडे तसं करत नाहीत."

"आपल्याकडे काय काय करत नाहीत ते मला नको शिकवूस. तू सांग, तुला आवडतो तो सिनेमा?"

"तसा... वाईट नाहीये."

"वाईट नाहीये! घर जळालं तरी तुम्ही लोक म्हणाल वाईट नाहीये, जरा ऊब आली! गेल्या वर्षी तू घोरत होतास, गॉर्डी. पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. आणि लव्हॉन, तू तर मोजे विणत बसतेस. मान तरी वर करतेस का?"

"मग काय करू? मला डोळ्यांसमोर नको होतो तो सिनेमा!" लव्हॉनच्या तोंडून निघून गेलं.

"मग मत का देतेस त्याला?"

लव्हॉनने गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी आपल्या कॉफीत बघत राहिला.

"तुझ्यासाठी," लव्हॉन म्हणाली.

"काय?"

"तुझा लाडका ना तो. पहिल्यांदा दाखवला तेव्हा किती रडलीस! दिवे लागले तरी उठली नाहीस. मग आम्ही सगळ्यांनी म्हटलं, असू दे. बिचारीच्या घरी एवढं चाललंय. वर्षातून एकदा तिच्या मनासारखं होऊ दे."

आर्लिसने सगळ्यांकडे पाहिलं. भोवतीच्या माना खाली गेल्या होत्या. सगळं तळघर चोरी पकडली गेल्यासारखं उभं होतं. त्यांचा कळवळा तिला दिसला, आणि त्याने ती अधिकच भडकली.

"आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही? का गं रडतेस, आर्लिस? एवढं एक वाक्य जड झालं तुम्हाला?"

"विचारलं होतं मी. तू म्हणालीस डोळ्यात काहीतरी गेलंय."

हे मात्र खरं होतं. आर्लिसने पालथा डबा उचलून सरळ ठेवला.

"त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नॉर्व्हलचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "पडद्यावर काय चाललंय ते मला दिसतही नव्हतं. तुम्ही बटाटे सोलायचा सिनेमा लावला असता, तरी मी रडले असते. आणि त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी ते धुकं बघतेय मी!" तिचा आवाज कापला, तसा तिने तो आणखी चढवला. "त्याला बदक आवडतं. जानेवारीत जातोय तो. त्याला इथे तुमच्यात बसून हसताना बघायचंय मला. झालं? मागितलं मी."

लव्हॉन कागदी रुमालाने नाक पुसू लागली. गॉर्डीने खडू उचलला.

"चला तर मग, हात वर करा. 'पळपुटं बदक'!"

भराभर हात वर गेले. हातात ताटल्या होत्या त्यांनी त्या दुसऱ्या हातात घेतल्या. आर्लिस बाकाशी आली आणि नॉर्व्हलच्या शेजारी धपकन बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांवरचा ताण सैल झाला.

नॉर्व्हलचे हात मात्र टोपीवरच होते.

"नॉर्व्हलकाका, तुमचा हात?" गॉर्डी हसत म्हणाला. "तुमचाच तर सिनेमा आहे!"

नॉर्व्हलने थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली.

"नाही. माझं मत दीपगृहाला."

"अहो, पण बदक..."

"बदक झकासच आहे." आठवणीनेच त्याला हसू फुटलं. "पण माझ्या बायकोला दीपगृह आवडतं. रडते बघताना. बोलत नाही ती, पण मला कळतं."

त्याने हात वर केला. मग शेजारी बसलेल्या आर्लिसकडे वळून, बसमध्ये अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने, हळूच म्हणाला,

"तुम्हीही त्यालाच द्या, जमलं तर. ती स्वतःहून मागणार नाही कधी."

बदकासाठी वर गेलेले हात तसेच वर राहिले. ते खाली घ्यावेत की नाही, हे कुणालाच कळेना.

आर्लिस त्याच्या उचललेल्या हाताकडे बघत राहिली. बाहीचं बटण उघडं राहिलं होतं. तिने ते लावलं. मग त्याच्या हाताशेजारी आपला हात वर केला.

"दीपगृहाला दोन," ती गॉर्डीला म्हणाली. आवाज मघासारखाच करडा होता. "बघतोस काय? लिही."