बॉबकाकाची खुर्ची

इंग्लंडातल्या क्लीथॉर्प्सच्या समुद्राकाठच्या हॉलमध्ये पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. लेक जेमाचं लग्न नुकतंच चर्चमध्ये लागलं होतं आणि मॉरीन जेवणाच्या टेबलांवरून शेवटची नजर फिरवत होती. व्याही पोलंडचे, त्यामुळे कुठे काही कमी पडू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. मुख्य टेबलापाशी ती थबकली. तिच्या आणि विहीणबाईंच्या मधल्या खुर्चीपुढे नावाची चिठ्ठी होती : ‘बॉबकाका’.

"लेशेक!" तिनं नव्या जावयाला हाक मारली. "हे कोण रे?"

"तुमचे बॉबकाका. कुणी त्यांना बोलावलंच नव्हतं. मला ते बरं वाटेना, म्हणून मीच खुर्ची ठेवली."

"आमच्यात बॉब नावाचं कुणीच नाही."

"नाही कसं? जेमाचे आजोबा उठता-बसता त्यांचं नाव काढतात! परवा सायकलची साखळी बसवताना म्हणाले, ही कडी इथं अडकव, पायडल फिरव, की बॉब तुझा काका! जेमा केक करतानाही तेच. म्हटलं, केवढा मोठा माणूस असेल!"

मॉरीन त्या खुर्चीतच मटकन बसली आणि पोट धरधरून हसली. "अरे सोन्या, ती आमची इंग्रजीत बोलायची पद्धत आहे! एवढं केलंस की झालं काम, इतकाच अर्थ. आणि तेही घरगुती. पाद्रीबाबा कधी म्हणाले का, अंगठी घाला की बॉब तुमचा काका?"

लेशेकचं तोंड मात्र उतरलं. "आईनं त्यांच्यासाठी मफलर विणलाय. हिवाळाभर. गावात सगळ्यांना सांगून आलीय."

"त्यात काय!" मॉरीनचे वडील विल्फ मागून म्हणाले. "बाहेर आईस्क्रीमची गाडी उभी आहे. गाडीवाला आणायचा, खुर्चीत बसवायचा, की बॉब तुझा..."

"बाबा, आता नाव काढाल तर बघा!"

पण विल्फ गेलेसुद्धा. पाहुणे बसेपर्यंत बॉबकाका हजर. खरं नाव नायजेल. अंगात विल्फचा कोट, बाह्या कोपरापर्यंत आणि खालून पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन डोकावतोय.

विहीणबाईंनी, बोझेनाबाईंनी, त्याला आपादमस्तक न्याहाळलं. लेशेकनं त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. "आई विचारतेय, तुम्ही आईकडचे की वडिलांकडचे?"

नायजेल गडबडला. "दोन्हीकडचा," तो म्हणाला.

बोझेनाबाई गहिवरल्या. भर जूनमध्ये त्यांनी तो जाडजूड लाल मफलर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि गालांवर तीन मुके घेतले. टाळ्यांचा कडकडाट झाला. नायजेलला घामाच्या धारा लागल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "नायजेल! गाडीपाशी पोरांची झुंबड उडालीय आणि तू इथं मेजवानी हाणतोयस? आणि गालाला ही लाली कुणाची रे?" ही त्याची बायको डेनीस.

आणखी एक थाप मारता आली असती, पण त्या लाल लोकरीकडे पाहून मॉरीनला ते जमेना. ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. लेशेक भाषांतर करत होता. ‘बॉब तुझा काका’ हे तर त्याला आईला तीनदा समजावून सांगावं लागलं.

बोझेनाबाईंचा चेहरा दगडासारखा. मग त्यांचे खांदे हलू लागले. बघता बघता त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची हॅट घरंगळून थेट सॅलडमध्ये पडली.

"मग हा माणूस कुणाचाच काका नाही?"

"कुणाचाच नाही," मॉरीन म्हणाली.

"आता आमचा!" बोझेनाबाईंनी निकाल दिला. नायजेल मफलर काढू लागला तर त्याचा हात झटकला.

"मग मी काकू झाले की!" डेनीस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

जेवणं उरकली तशी व्याह्यांकडच्या कुणीतरी अकॉर्डियन काढलं. बोझेनाबाईंनी मॉरीनची कंबर धरली आणि तिला भोवऱ्यासारखी फिरवली. दोघींना एकमेकींची भाषा अक्षरही कळत नव्हती, तरी दोघी एकसारख्या बोलत होत्या आणि एकसारख्या हसत होत्या. मॉरीनचा एक बूट टेबलाखाली गेला. दुसरा तिनं स्वतःच भिरकावला. दोन्ही हातांत आईस्क्रीमचे कोन घेऊन विल्फ वादकाला ओरडून सांगत होते, "जोरात रे! अजून जोरात!"