डबाबंद माशाची चौकशी

मेहरूणमधल्या नवलभाऊंच्या दुकानात शेवंताबाईंनी ट्यूनाच्या डब्याचं पोट दाबून पाहिलं आणि त्यांची नात सारिका लाजेनं अर्धी झाली.

"आजी, मासा आत आहे! हा नुसता डबा शे!"

"मासा असो की डबा, दाबल्याशिवाय मी घेत नाही."

तापीकाठी चाळीस वर्षं मासे विकलेलं ते बोट. कल्ले उचलून, पोट दाबून पारखायची त्याची खोड सुटत नव्हती.

सारिकाची पंचाईत वेगळीच होती. पोहण्याच्या वर्गातल्या पाच मैत्रिणींना उद्या ट्यूना खाऊ घालायचा शब्द तिनं दिला होता. आणि आजीची अट होती, की माशाचा ठावठिकाणा कळल्याशिवाय तो आपल्या चुलीवर चढणार नाही.

तेवढ्यात डबा बोटाखाली टक्‌ करून वाजला.

"नवलभाऊ, हा फुगलाय. टाकून द्या."

नवलभाऊंनी चष्मा वर करून पाहिलं. "खरंच की हो, अक्का!"

"आता सांगा, हे मासे धरले कशानं?"

"मी तर खोक्यातून धरतो!"

सारिकानं घाईघाईनं दुसरा डबा पुढे केला. "यावर डॉल्फिनचं चित्र आहे. म्हणजे डॉल्फिन मारले नाहीत."

"चांगलं झालं डॉल्फिनचं. पण जाळ्यात दुसरं काय काय आलं? कासवं? ट्यूनाची पिल्लं?"

शेवंताबाई स्टुलावर टेकल्या.

"एका साली आमच्याकडे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आली. बोटाएवढी पिल्लंही वर निघाली. तेव्हा बाजारात टोपल्या ओसंडत होत्या, आम्ही खूश! पुढची दोन वर्षं माझी टोपली अर्धी. पिल्लंच खाल्ली, तर मोठा मासा येणार कुठून?"

सारिका खाली बसली आणि एकेक डबा फिरवून बारीक अक्षरं वाचू लागली. एकावर नुसतं 'उत्तम प्रतीचा'. दुसऱ्यावर तेलाचंच कौतुक. अगदी खालच्या फळीवर मागे ढकललेला एक सापडला.

"आजी! गळानं धरलेला, एकेक करून! कुठल्या समुद्रातला, तेही लिहिलंय!"

"गळाला पिल्लू लागलं, तर लगेच सोडता येतं. हाऊ डबा आपला शे!"

पण तसा डबा एकच होता. सारिकाचा चेहरा उतरला. "खाणाऱ्या आम्ही सहा जणी. बाकीचे दोन साधे घेऊ ना, आजी."

शेवंताबाईंनी तो एकच डबा पिशवीत टाकला. "चल, आता भरताची वांगी घेऊ."

दुसऱ्या दिवशी हिरवी वांगी निखाऱ्यावर भाजली गेली. सारिकानं मिरच्या-लसूण ठेचून दिला. आजीनं त्यात वांगी घोटली, कांद्याची पात घातली आणि शेवटी ट्यूना मोकळा करून मिसळला. सहा मुली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तुटून पडल्या. पातेलं चाटूनपुसून लख्ख झालं.

"कसलं भारी झालंय!" मैत्रिणींपैकी ज्योत्स्ना बोटं चाटत म्हणाली. "ट्यूना कुठल्या दुकानातून आणलास गं?"

"दुकान नंतर," सारिका मांडी ठोकून बसली. "आधी विचार, धरला कशानं!"

मग पाचही जणींना सगळी गोष्ट ऐकावी लागली, पोट दाबण्यापासून. ज्योत्स्ना तर लगेच घरच्या डब्यांवर काय लिहिलंय ते बघायला उठली.

आत पातेलं उचलताना शेवंताबाई स्वतःशीच हसल्या. "नवलभाऊंचं आता काही खरं नाही."