पडद्याकडे पाठ

राजूरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, म्हणून ते राहू द्या. या गावच्या सोसायटीनं आपलं गोदाम ओढ्याकाठी, मसणवट्याला लागून बांधलं होतं. जागा फुकट मिळाली होती आणि शेजारी तक्रार करणारे नव्हते. आत भाताची आणि हिरड्याची पोती असत, राखणीला गोरक्ष असे. एके सकाळी गोरक्षनं येऊन सांगितलं की पोती श्वास घेतात. सोसायटीच्या मालाला असं काही करायची परवानगी नाही, हे चेअरमन आबासाहेबांनी त्याला समजावून सांगितलं. गोरक्षला ते पटलं नाही. घोंगडी खांद्यावर टाकून तो शिर्डीला फुलं विकायला निघून गेला.

रिकाम्या जागेसाठी दोघे आले. एक दानीएल, मिशनच्या बागेत पाणी धरणारा. दुसरा बन्सी. बन्सीला ही नोकरी लागणं फार गरजेचं होतं, कारण ती न लागली तर त्याची रवानगी मामाकडे व्हायची होती. काकासाहेबमामांचा बैलांचा व्यापार होता. आईला त्यांनी निरोपच धाडला होता की पोरगं येत्या बाजाराला माझ्या हवाली कर. मामा भाच्याला अगदी बैलासारखं वागवत. फरक इतकाच, की विकताना का होईना, बैलाचं ते कौतुक करत.

आता न भिणारा माणूस निवडायचा कसा, यावर सोसायटीत बराच खल झाला. सेक्रेटरी गहिनीनाथ हे बुद्धिमान गृहस्थ होते. त्यांना आठवलं की गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागलाय आणि त्यात भुताचा सिनेमा चाललाय.

सिनेमा साधाच होता. एक हवेली, हवेलीत कपाट, आणि हे कपाट उघडू नकोस असं घरातल्या सगळ्यांनी सांगून ठेवलेली एक नायिका. ती ते उघडायची. आतून मांजर उडी मारायचं. सगळा तंबू दचकायचा आणि मग सुस्कारा सोडायचा. नायिका हसायची, कपाटाचं दार लोटायची, आणि त्या दाराआड पडदाभर एक तोंड असायचं.

या तोंडानं गावात पुढाऱ्यांपेक्षा जास्त जागृती केली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कनात, असा तंबूचा शिस्तीचा कारभार होता. तोंड आलं की कनात आडवी व्हायची. एका म्हाताऱ्यानं भुताला चप्पल फेकून मारली. भूत निघून गेलं, पण चपलेचा डाग पडद्यावर राहिला आणि पुढच्या गाण्यात तो नायिकेच्या गालावर आला. लंकाबाई भिऊन पोर काखोटीला मारून थेट घरी पोचल्या, तर पोर शेजारणीचं निघालं. सकाळी अदलाबदल झाली तेव्हा दोन्ही पोरं नाराज होती. जे शूर म्हणून प्रसिद्ध होते, त्यांची तंबाखूची डबी नेमकी त्याच वेळी खाली पडे, आणि ती शोधायला त्यांना पार बाकाखाली शिरावं लागे.

आबासाहेबांनी सिनेमा पाहिला नव्हता. चेअरमननं तंबूत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. पण हे सोसायटीचं काम होतं. ठरलं असं, की दोन्ही उमेदवार पहिल्या रांगेत बसतील आणि त्यांच्यासमोर खुर्च्या टाकून, पडद्याकडे पाठ करून चेअरमन आणि सेक्रेटरी बसतील. पडद्याचा उजेड उमेदवारांच्या तोंडावर पडेल. जो दचकेल तो गेला. तंबूच्या मालकानं तिकिटाचा विषय काढला. जो सिनेमाकडे पाठ करून बसतो त्याच्याकडून पैसे मागायला लाज वाटली पाहिजे, असं आबासाहेबांनी त्याला सुनावलं.

बन्सीनं तयारी केली. तंबूच्या इंजिनाला पाणी आणून देण्याच्या बोलीवर तो रोज फुकटात आत बसू लागला. मांजर, सुस्कारा, हसू, दार, तोंड. पाढ्यासारखं पाठ केलं. पहिल्यांदा तो किंचाळला, मग नुसता दचकला, पुढेपुढे तर तोंड यायच्या वेळी त्याला जांभई येऊ लागली. त्या तोंडाला खालचे दोन दात नाहीत, हेसुद्धा त्याला दिसलं, आणि त्याला त्याची थोडी दयाच आली.

परीक्षेच्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. नोकरी कुणाला लागते हे बघायला माणसं पार तालुक्याच्या गावाहून, अकोल्याहून आली होती. सिनेमा सुरू झाला. आबासाहेब गुडघ्यावर हात ठेवून बन्सीच्या डोळ्यांत बघत होते. बन्सी पाढा म्हणत होता. मांजर आलं. दानीएल उठला, शांतपणे म्हणाला, "आपल्याला न्हाई जमायचं," आणि घरी गेला. त्या तंबूतला सगळ्यात शहाणा माणूस तोच, पण जागा राखणदाराची होती.

सुस्कारा झाला. हसू झालं. दार लोटलं गेलं.

बन्सीचा चेहरा दगडासारखा होता. घोटाळा झाला तो त्याच्या मागे. आबासाहेबांना बन्सीच्या डोक्यावरून उरलेला तंबू दिसत होता. आख्ख्या गावानं एकदम आ वासला, डोळे बाहेर काढले, आणि ते सगळे डोळे आबासाहेबांच्या नेमके पाठीमागे काहीतरी बघत होते. इतक्या निवडणुका लढवूनही त्यांनी गावाचे असे चेहरे कधी पाहिले नव्हते. मागे वळून पाहायची त्यांची छाती झाली नाही. मग त्यांनी पुढे उडी मारली.

बन्सीची तयारी पडद्यावरच्या तोंडाची होती. फेट्यासकट चेअरमन मांडीवर येऊन गळ्याला मिठी मारतील, हे पाढ्यात नव्हतं. तो असा किंचाळला की ऑपरेटरनं घाबरून मशीनच बंद केलं. दिवे लागले तेव्हा गहिनीनाथ खुर्चीखाली होते. तंबाखूची डबी पडली, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

आबासाहेब उठले, फेटा सरळ केला आणि तंबूभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा भ्याला. नापास."

घरी राहीबाईनं लेकाची वळकटी बांधायला घेतली. दोन दिवसांनी मामांचा गडी न्यायला येणार होता. बन्सीला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं ते मेहनत वाया गेल्याचं. सकाळी उठून तो सोसायटीच्या कचेरीत गेला. आबासाहेब आणि गहिनीनाथ चहा पीत होते. मागे भिंत लागावी म्हणून आबासाहेबांनी खुर्ची सरकवून घेतली होती. बन्सी हात जोडून उभा राहिला. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढे गावानं त्याला फार धूर्त ठरवलं.

"आबासाहेब, माजी परत एकदा परीक्षा घ्या. आज संध्याकाळीच बसू. मी काय हालत न्हाई."

"नियमात बसत न्हाई ते."

"बसतंय की. तुमी फकस्त कालच्यासारखं समोर बसा. लोकं बी परत येतो म्हनत्यात. कालच्यापरीस जास्त येतील."

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. कालच्यापेक्षा जास्त तोंडं त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन गेली असावीत. ते गहिनीनाथांकडे बघू लागले, आणि गहिनीनाथांना आपली डबी खाली पडल्यासारखं वाटू लागलं.

"सेक्रेटरी," आबासाहेब म्हणाले, "पोरगा काल नक्की कशाला भ्याला?"

गहिनीनाथ बुद्धिमान होते, हे मघाशी सांगितलंच आहे. त्यांनी घसा खाकरला. "तसं काटेकोर बघितलं तर भूत आलं तवा हा गप बसला हुता. वरडला तो तुमाला बघून."

"म्हंजी चेअरमनला भ्याला."

"फकस्त चेअरमनला."

आबासाहेबांची मान हळूहळू ताठ झाली. भुताला न भिणारा आणि चेअरमनला भिणारा नोकर सोसायटी स्थापन झाल्यापासून त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी टेबलाचा खण उघडून गोदामाची किल्ली काढली आणि बन्सीपुढे धरली.

"आजपास्नं कामावर ये," ते म्हणाले. "आन् हे बघ, परत सिनेमाला जायचं न्हाई."

"तुमच्याबिगर कशाला जाऊ," बन्सी मनापासून म्हणाला.