डाव्या हाताचा राजा

"मावशी, ओढली की सुटेल ना?" नव्या राजानं तिसऱ्यांदा विचारलं.

"बावीस वर्षं सुटतेय," मी म्हणाले आणि त्याच्या गळ्याशी मखमली झग्याच्या नाड्यांची सुरगाठ मारून मोकळी झाले. त्याचा राजा म्हणून पहिलाच प्रयोग होता.

नाटक कंपनीचा कपडेपट माझ्याकडे. मला सगळे मावशी म्हणतात, राजेसुद्धा. हे नाटक गादीवरून उतरवलेल्या राजाचं. शेवटी भर दरबारात तो "कुणी पुढे यायचं नाही!" म्हणून गरजतो, स्वतःच्या हातानं नाडी ओढतो आणि राजवस्त्र पायाशी पडतं. इतकी वर्षं हा राजा अण्णांचा होता. मी विंगेत उभी राहून दर प्रयोगाला रडायचे आणि हातातले कपडे ओले करायचे.

काय रुबाब होता त्यांचा! चहा मागितला तरी फर्मान सुटल्यासारखं वाटायचं. गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. नाटक थांबलं; आता ते पुन्हा उभं करताना मॅनेजरांनी त्यांना त्यातलाच म्हातारा सेवक दिला, चार वाक्यांचा. अण्णा हसून म्हणाले, "बरं झालं, कपडे हलके आहेत." ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून नवा राजा माझ्या डोळ्यांत खुपत होता. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो अण्णा नव्हता.

दुपारच्या प्रयोगात तो छान गरजला. नाडी ओढली. गाठ सुटेना. पुन्हा ओढली, तर आणखी आवळली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अण्णा डावखुरे. सुटायचं टोक मी कायम त्यांच्या डाव्या हाताला ठेवत आले. हा उजव्या हातानं दुसरंच टोक ओढत होता आणि सुरगाठीची निरगाठ होत होती. तालमीत हे कळलं असतं, पण मखमल झिजते म्हणून तालमीला झगा द्यायचा नाही, हा नियमही माझाच. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. राज्य गेलं होतं, राजवस्त्र काही जाईना.

तेवढ्यात कोपऱ्यातला म्हातारा सेवक पुढे आला. खरं तर त्यानं तिथे हलायचंही नव्हतं.

"महाराज," अण्णा बसक्या आवाजात म्हणाले, "एवढी शेवटची सेवा करू द्या."

नखानं गाठ सैल करून त्यांनी डाव्या हातानं टोक ओढलं. झगा पडला. टाळ्या थांबता थांबेनात.

पडदा पडल्यावर मॅनेजर माझ्या अंगावरच आले. "मुद्दाम केलंत, मावशी!"

"हातांच्या सवयीनं झालं," मी म्हणाले. मनाबद्दल मात्र मला शपथ घेता आली नसती.

नवा राजा उलट खुशीत होता. "अण्णा, रोज असंच करू या! काय टाळ्या पडल्या!"

मॅनेजरही मान डोलवायला लागले. मला तर आनंद मावेना. रोज एक क्षण तरी रंगमंच पुन्हा अण्णांचा होणार होता.

"नाही," अण्णा म्हणाले. "राज्य दुसरे काढून घेतात. वस्त्र तरी राजानं स्वतः उतरवावं. तेवढंच उरलेलं असतं त्याच्याकडे."

संध्याकाळच्या प्रयोगाआधी ते कपडेपटाच्या खोलीत आले. सेवकाच्या कपड्यांवरच त्यांनी तो झगा खांद्यावर घेतला आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

"बांधा, मावशी. उजव्या हाताची."

"मला नाही जमायचं, अण्णा."

"जमेल. मी उभा आहे."

दोनदा चुकले. डोळे भरून आले होते, नाड्या धड दिसत नव्हत्या. ते तसेच उभे राहिले. तिसऱ्यांदा गाठ बसली. त्यांनी उजव्या हातानं, जरा अवघडून, टोक ओढलं. झगा खाली पडला.

"त्याला अशीच बांधा," ते म्हणाले.

मी उचलायला वाकणार, तोच ते वाकले. झग्याची धूळ झटकून त्यांनी तो नव्या राजाच्या खुंटीवर नीट टांगला.