आईच्या गाण्याची चाल

ती नाटकांना संगीत द्यायची आणि तिचा नवरा गणित शिकवायचा. दोघांच्या कामांची कधी गाठ पडली नव्हती. मग एका सुट्टीत त्याने तिच्या सगळ्या जुन्या चाली संगणकात भरल्या, कोणत्या स्वरामागून कोणता येण्याची शक्यता किती याचं गणित मांडलं आणि तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. तिने कीबोर्डवर चार स्वर वाजवले की पुढचे तो वाजवायचा. पडद्यावर एक पट्टी होती. ती डावीकडे सरकवली की चाल तिच्या नेहमीच्या वळणाने जायची, उजवीकडे नेली की आडवाटेला शिरायची.

सुरुवातीला दोघं जेवणखाण विसरून खेळत बसायची. पण पट्टी डावीकडे असली की तिच्या मनातला स्वर तिच्या बोटाआधी वाजू लागला.

"बघ, कशी पकडली तुला," नवरा खूश होऊन म्हणाला. ती हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं.

त्यातच नवं नाटक आलं. मूल गमावलेल्या आईचं गाणं करायचं होतं. दिग्दर्शकाला तिची एकही चाल पसंत पडेना. "ताई, छानच आहेत. पण ऐकलेल्या वाटतात."

काही दिवसांनी त्याचाच फोन आला. "कालची चाल ऐकून गप्पच बसलो. कुठे लपवून ठेवली होती?"

काल तिने काहीच पाठवलं नव्हतं.

नवऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. "तू रडकुंडीला आली होतीस, मला बघवेना. पट्टी जरा उजवीकडे नेली, पाचपन्नास चाली काढल्या, त्यातली एक तुझ्या मेलवरून पाठवली. वळणं तुझीच आहेत गं. मी फक्त शक्यता बदलल्या."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच ती तालमीला गेली. नटी गायला लागली. ही चालीत खोट शोधत बसली, पण सापडेना. जिथे ती स्वतः हमखास षड्जावर येऊन टेकली असती, तिथे ही चाल टेकतच नव्हती. दाराशी कुणाची तरी वाट बघत एखादी बाई उभी राहावी तशी अधांतरी राहत होती. आपल्याला हे जन्मात सुचलं नसतं, हे तिला कळून चुकलं.

तरी तिने दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं.

"म्हणजे घरातलीच की," तो म्हणाला. "नाव तुमचंच ठेवतो."

नाटक जोरात चाललं. लोक तिचं तोंडभरून कौतुक करत आणि ती मान डोलवत ऐकून घेई. कीबोर्डला मात्र तिने हात लावला नाही.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "बऱ्याच दिवसांत काही वाजवलं नाहीस. प्रोग्रामला नवीन चाली हव्यात."

"तूच वाजव."

"मला कुठे येतं?" तो अगदी मनापासून म्हणाला.

ती अर्धं ताट तसंच घेऊन उठली.