डीकनचा निरोप समारंभ

डेल्मर क्रचरच्या पोटात सात वर्षं जी जळजळ चालली होती, ती विझवायला केंटकीतली सगळी बर्बन व्हिस्की कमी पडली असती. कारण एकच: व्हर्जिल टॅकेटचा घोडा, डीकन.

काऊंटीच्या जत्रेत शनिवारी पाच चालींची अंतिम फेरी. घोड्यानं मान ताठ ठेवून, गुडघे छातीपर्यंत उचलत पाचही चाली दाखवायच्या. स्वारानं लांब कोट आणि गोल डर्बी टोपी घालून वर असं बसायचं, की खाली घोडा नाही, सोफाच आहे. पहिल्याला निळी रिबन, दुसऱ्याला लाल. निळी दरवर्षी डीकनची; डेल्मरच्या लाल रिबनींचा खिडकीला पडदा झाला असता.

"लाल रंग तुला खुलतो हां, डेल्मर," व्हर्जिल दरवर्षी म्हणायचा. वर पाठीवर थाप.

"तुझा म्हातारा अजून किती वर्षं नाचणार रे?"

"डीकन? तो मला पुरून उरेल!"

त्या थापेनं डेल्मरची पाठ रात्रभर जळायची.

यंदा त्याच्या डोक्यात किडा वळवळला. नावाजलेला घोडा निवृत्त होतो तेव्हा त्याला रिंगणात आणतात, गळ्यात फुलांचा हार घालतात आणि सगळ्यांसमोर नालबंद त्याचे नाल काढतो. ऑर्गन वाजतो, बायका रडतात. एकदा असे नाल उतरले की तो घोडा पुन्हा स्पर्धेत येत नाही.

डेल्मर थेट जत्रा कमिटीच्या युडोराबाईंकडे गेला. बाई लग्नात रडायच्या, बारशाला रडायच्या, लिलावातसुद्धा रडायच्या.

"युडोराबाई, व्हर्जिल डीकनला स्पर्धेतून थांबवतोय. पण बिचाऱ्याला तोंडानं बोलवत नाही हो. आपणच शुक्रवारी निरोप दिला तर? त्याला आधी काही सांगू नका."

बाईंनी रुमाल काढलाच. "डेल्मर, तुमचं मन किती मोठं!"

"असतं एकेकाचं," डेल्मर म्हणाला आणि शीळ घालत बाहेर पडला.

शुक्रवारी व्हर्जिलला वाटलं, कसलंसं बक्षीस असेल. तो डीकनला घेऊन हसत रिंगणात आला. हार पडला. ऑर्गन सुरू झाला. भोंग्यावरून आवाज आला, "मंडळी, डीकनचा हा शेवटचा फेरा!" अख्खी काऊंटी उभी राहून रडायला लागली.

व्हर्जिलचं तोंड उघडंच राहिलं. नालबंद पक्कड घेऊन वाकलेला. एवढ्या रडत्या माणसांना 'चूक झाली, घरी जा' कोण सांगणार? कठड्याला टेकलेल्या डेल्मरनं रुमालात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, हाही रडतोय.

पहिला नाल निघाला. व्हर्जिलनं डीकनच्या मानेत तोंड लपवलं आणि तो हमसाहमशी रडला.

शनिवारी मैदान मोकळं. डेल्मरची घोडी क्लोव्हर झकास चालली आणि निळी रिबन मिळाली! एकदाची! तो विजयाचा फेरा मारायला निघाला, टोपी उचलली, मान वळवली, तर अर्धी बाकं रिकामी.

भोंगा म्हणत होता, "अभिनंदन, डेल्मर क्रचर! आणि डीकनला पेपरमिंट भरवायचंय त्यांनी दोन नंबरच्या तबेल्यात रांग लावा!"

डेल्मर रिबन घेऊन तरातरा तिकडे गेला. रांग पार तळलेल्या माशांच्या गाडीपर्यंत. मधोमध त्याची स्वतःची बायको नेडा, मुठीत पेपरमिंट.

"नेडा! मी जिंकलो!"

"हो का? छान. अहो, पुढे घुसू नका, लोक ओरडतील."

तेवढ्यात व्हर्जिलनं त्याला पाहिलं आणि येऊन कडकडून मिठी मारली. "युडोराबाईंनी सांगितलं मला. कल्पना तुझी! अरे, त्याचे गुडघे गेलेत, मला दिसत होतं. पण थांबवायची हिंमतच होत नव्हती. सख्ख्या भावानं केलं नसतं रे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यासुद्धा व्हर्जिलकडे बघून. हार घातलेला डीकन शंभर लोकांकडून लाड करून घेत मजेत चघळत होता. डेल्मरच्या हातातली निळी रिबन घामानं चिकट झाली. क्लोव्हरला तर कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तो हळूच युडोराबाईंपाशी सरकला.

"बाई, आमची क्लोव्हरही आता थकलीय हो..."

"अहो, ती तर आत्ता जिंकली!"

"तेच ना," डेल्मर डीकनच्या हाराकडे बघत म्हणाला. "दमली बिचारी. पुढच्या शुक्रवारी नालबंद मोकळा आहे का?"